रांजण दोन्हीकडून भरतो

घाटघरचा माणूस वर्षातून पाच वेळा करिअर बदलतो आणि त्याची कुठे वाच्यता करत नाही. उन्हाळ्यात राब भाजला की तो शेतकरी. आवणी उरकली, धुकं दाटलं आणि शनिवार उजाडला की तोच गाइड. जीवधन किल्ल्याच्या मोडक्या कातळपायऱ्यांवर पुण्याच्या माणसाला खालून ढकलतो आणि वरून ओढतो. रात्री चुलीपाशी बसला की खानावळवाला. भात झोडून कणगीत पडलं की नारायणगावाकडच्या मळ्यांत तोडणीला मजूर. आणि बाळहिरडा वेचून पोत्यात भरला की वनोपजाचा व्यापारी, निदान ते पोतं खऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर चढेपर्यंत तरी. यातल्या एकाही बदलाच्या वेळी 'आयुष्याच्या नव्या प्रवासाला सुरुवात करताना मला अत्यंत आनंद होत आहे' असं त्यानं लिंक्डइनवर जाहीर केलेलं नाही. कारण एक तर त्याला तसा आनंद वगैरे होत नाही, आणि दुसरं म्हणजे गावात रेंज नाही.

पुण्यातला माणूस आयुष्यात एकदाच करिअर बदलतो आणि तेवढ्यावर अख्खं घर वर्षभर जागं ठेवतो.

आमच्या भाच्यानं ठेवलं. मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये होता. पगार विचारला की 'हातात किती' आणि 'कागदावर किती' असे दोन आकडे सांगायचा आणि दोन्ही पुटपुटायचा. इकडे कॉलेजात ज्याला लेथच्या चकात धड जॉब धरता येत नव्हता असा त्याचा पार्टनर हिंजवडीत बसून कोड लिहू लागला आणि त्यानं वाकडला फ्लॅट बुक केला. मग एका रविवारी भाच्यानं जेवणाच्या टेबलावर ते वाक्य टाकलं, जे महाराष्ट्रातल्या निदान निम्म्या घरांत केव्हा ना केव्हा पडलेलं आहे : "मेकॅनिकलमध्ये आता काही राहिलं नाही."

"का रे?" आजोबा म्हणाले. "जगातलं लोखंड संपलं का?"

त्यावर त्यानं मोबाइल पुढे केला. जाहिरात होती. सहा महिन्यांत फुल-स्टॅक डेव्हलपर, कुठल्याही शाखेचे चालतील, आधीचा अनुभव नको. शेवटची अट वाचून आजोबा जरा हलले. त्यांच्या काळात पहिलीच्या वर्गात बसायलासुद्धा उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावून दाखवावा लागायचा.

याला हल्ली बूटकॅम्प म्हणतात. अमेरिकेत ही टूम निघाली २०११-१२ च्या सुमारास. सॅन फ्रान्सिस्कोतलं डेव्ह बूटकॅम्प हे त्यातलं एक आद्यपीठ, ते २०१२ ला सुरू झालं आणि २०१७ मध्ये त्यानं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीरही केलं. पण पुणेकराला यात नवल वाटायचं कारण नाही. अमेरिकेनं सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं, १९९१ मध्ये त्यांनी 'परम ८०००' उभा केला, आणि पुढे त्याच संस्थेनं सहा महिन्यांचा तो प्रसिद्ध डिप्लोमा काढला, ज्यात सिव्हिलचा, इन्स्ट्रुमेंटेशनचा, इलेक्ट्रिकलचा असा कुठलाही इंजिनिअर एका टोकाला घातला की दुसऱ्या टोकाला सॉफ्टवेअरवाला होऊन बाहेर येतो. 'त्यानं सी-डॅक केलं' हे वाक्य आमच्याकडे 'त्यानं काशी केली'च्या सुरात उच्चारलं जातं. फरक इतकाच की काशी करून आलेला माणूस पगार सांगत नाही.

त्याच्याही आगेमागे वायटूकेची लाट येऊन गेली. १९९८-९९ मध्ये पुण्यात कोबोल शिकवणाऱ्या क्लासांच्या पाट्या इतक्या झाल्या होत्या की मंगल कार्यालयांच्या पाट्या झाकल्या जायच्या. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले. ९९ नंतर ०० आलं की यंत्राला वाटणार १९०० साल उजाडलं. ही दोन शून्यं निस्तरायला बी.कॉम.वाले, बी.एस्सी.वाले, आमच्या वाड्यातला एक तबलावादकसुद्धा कोबोल शिकून विमानात बसला. १ जानेवारी २००० ला काहीही झालं नाही. दुरुस्ती चोख झाली होती म्हणून झालं नाही, की मुळातच फारसं होणार नव्हतं, यावर लोक अजून भांडतात. तबलावादक भांडत नाही. तो न्यू जर्सीत स्थायिक आहे.

आता घाटघर. ते जुन्नर तालुक्याचं पश्चिम टोक. जुन्नरहून तीसेक किलोमीटर. अकोले तालुक्यात दुसरं एक घाटघर आहे, २५० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पाचं, आणि मोबाइलमधल्या बाईवर भरवसा ठेवणारे काही ट्रेकर दरवर्षी तिकडे पोचतात. एकाच नावाच्या दोन गोष्टी ठेवल्या की घोटाळा होतो, हा प्रोग्रॅमिंगचा अगदी पहिल्या आठवड्यातला धडा. तो शिकवून पोट भरणारी माणसंसुद्धा चुकीच्या घाटघरला गेलेली मला ठाऊक आहेत.

आपल्या घाटघराशी सह्याद्री एकदम संपतो आणि नाणेघाट खाली कोकणात उतरतो. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल बैलांच्या पाठीवरून या घाटानं वर चढायचा आणि जुन्नर, पैठणकडे जायचा. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला एक भलामोठा रांजण अजून आहे. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी त्यात टाकायची, अशी परंपरेनं चालत आलेली गोष्ट. मला विचाराल तर सबंध घाटात पाहण्यासारखी वस्तू हीच. व्यापाऱ्याचा माल पुढे पैठणात खपला, सडला की वाटेत लुटला गेला, याच्याशी रांजणाला काडीचं देणंघेणं नाही. तो फक्त उंबऱ्यावर बसून असतो. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचंय ना? टाका. व्यापारी बुडाल्याच्या कथा जातककथांपासून आहेत. रांजण बुडाल्याची एकही नाही. करिअर बदलण्याच्या घाटातले सगळे क्लास मला तेव्हापासून दगडी दिसू लागले.

रांजणाजवळच्या लेण्यात राणी नागणिकेचा शिलालेख आहे. सातवाहनांनी केलेले यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा यांची ती जंत्री : गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. १८२८ मध्ये कर्नल साइक्स इथे येऊन थबकला आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यातले आकडे उलगडले. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांत हे मोडतात. अग्न्याधेय यज्ञाच्या दक्षिणेत बारा गायी आणि एक घोडा आहे, आणि बारा हे आधी अक्षरात कोरून पुढे आकड्यातही कोरलंय, चेकवर लिहितात तसं. म्हणजे आकड्यात कोणी हात मारला तर अक्षरावरून पकडता यावं. डेटा दोनदा साठवून पडताळण्याची ही युक्ती क्लासमध्ये चौथ्या महिन्यात शिकवतात आणि तिचे पैसे वेगळे घेतात. पुढे हजारांनी गायी येतात, दहा हजार एक असाही आकडा येतो, पण शून्य कुठेच नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य तेव्हा या घाटात पोचलेलंच नव्हतं. कॉम्प्युटर चालतो एक आणि शून्यावर. त्यातला एक इथे दोन हजार वर्षांपूर्वी दगडात तयार होता, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणारा निम्मा कच्चा माल घाटघरचा. शिवाय शून्यच नसल्यामुळे सातवाहनांना वायटूके झाला नसता. तबलावादक मात्र तबलाच वाजवत राहिला असता.

भाच्याचा क्लास कर्वेनगरात, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. एकदा फीचा हप्ता द्यायला मी गेलो होतो. एका खोलीत तीसेक मुलं, तीसेक लॅपटॉप, आणि एका भिंतीला लावलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांची अशी माळ की वायरमननं पाहिली असती तर हात जोडले असते. खालून जिलबीचा वास. फळ्यावर चौकोन, चौकोनांतून बाण, बाणांवर इंग्रजी क्रियापदं. शिकवणारे 'सर' चोवीस वर्षांचे. मागच्याच्या मागच्या बॅचमध्ये ते समोरच्या खुर्चीवर बसलेले होते, आणि नोकरी लागेपर्यंत इथेच शिकवा म्हटल्यावर शिकवू लागले होते. वर्गात एक फार्मसीवाला, एक बँकेचे थकीत हप्ते वसूल करत फिरणारे चाळिशीचे गृहस्थ, दोन सिव्हिलवाले, आणि एक इतिहासात बी.ए. झालेली मुलगी. तिला घेताना संचालकांनी नाक मुरडलं होतं म्हणे. पण प्रोग्रॅम बिघडला की सगळा वर्ग तिच्याकडे धावायचा. कुठली ओळ कुणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर लिहिली, हे संशयानं विचारत मागे मागे जायचं, ही सवय तिला तीन वर्षं पदवीनं लावली होती. फुकट म्हणून हिणवलेल्या त्या पदवीला इथे डीबगिंग म्हणत होते.

भाचा मात्र झुंजत होता. यंत्रात एखादा मायक्रॉन इकडेतिकडे झाला तर मशीन कुरकुरत का होईना चालतं. इथे एक कंस मिटायचा राहिला की सगळं ठप्प. रात्री दोन-दोनपर्यंत तो त्या एका कंसापायी डोकं धरून बसायचा. भाच्याचा एवढा छळ कंसानं पूर्वी एकदाच केला होता. फरक इतकाच की या खेपेला त्या छळाशी मामाचा संबंध नव्हता. मामानं उलट दोन हप्ते भरले होते.

जाहिरातीत 'जॉब गॅरंटी' होती. महाराष्ट्राच्या माणसाला हे शब्द ओळखीचे वाटणं साहजिक आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पाग्यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला : मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता. क्लासच्या हमीला मात्र तारांकित चिन्ह होतं. त्या ताऱ्याच्या मागोमाग पानाच्या तळाशी उतरलं की मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत हजेरी नव्वद टक्के, सर्व चाचण्यांत सत्तर टक्के, मिळेल त्या शहरात जायची तयारी, आणि 'गॅरंटी म्हणजे मुलाखतीची संधी' असं सगळं निघालं. मुलाखतीची हमी म्हणजे दुष्काळी कामावर कुदळ न देता 'तुमचं नाव मुकादमाला कळवू' असं सांगण्यापैकी. 'नोकरी लागल्यावरच फी द्या' असंही काही ठिकाणी असतं. तिथे पुढची दोन-तीन वर्षं पगारातून हप्ता जातो. हे जरा बरं. निदान रांजणवाला थोडं अंतर बरोबर चालतो.

भाच्याला लागली नोकरी. चार महिने, अगणित मुलाखती आणि क्लासात बनवलेली तीच ती 'शॉपिंग कार्ट' सगळ्यांना दाखवून झाल्यावर. त्या बॅचमधल्या तीसही जणांच्या बायोडेटात तीच शॉपिंग कार्ट होती. हिंजवडीत एका मुलाखतकारानं त्याला म्हणे विचारलं, "अहो, तुमच्या क्लासमध्ये विकायला काढलेला तो निळा टी-शर्ट अजून कोणी घेतला की नाही?" काही मुलांनी याच काळात दुसरा रस्ता धरला. दोन वर्षांचा अनुभव तयार करून देणाऱ्या 'कन्सल्टन्सी' पुण्यात आहेत. लेटरहेड, सॅलरी स्लिपा, फोनवर 'हो हो, आमच्याकडेच होते ते' म्हणणारा माणूस, सगळं पॅकेजमध्ये. पुढे पडताळणीत पकडली गेली की ही मुलं ना इकडची राहतात ना तिकडची, आणि फोनवरचा माणूस तोवर दुसऱ्या कुणाचा मॅनेजर झालेला असतो.

आता घाटघरच्या बाजूनं. आम्ही जिथे उतरतो ते घर आबांचं. आबा साठीचे. त्यांचा पुतण्या जुन्नरला एसटीनं जाऊन-येऊन बी.एस्सी. झाला, केमिस्ट्री घेऊन. त्याच्या अंगणात दर शनिवारी हिंजवडीची माणसं येऊन पिठलं-भाकरी खाणार आणि आडवी पडून 'आबा, तुमचं बरंय हो, टेन्शन नाही' म्हणणार. पुतण्या ताटं उचलता उचलता त्यांच्या गाड्यांकडे पाहणार. टेन्शन नसलेला माणूस चालत जातो आणि टेन्शनवाला सनरूफची गाडी घेऊन येतो, हे त्याच्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. एका रात्री त्यानं भाच्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दादा, जावा करू का मर्न?"

पोरगा कर्वेनगरात कॉट-बेसिसवर राहिला. पैसे संपले तेव्हा शेवटचे दोन महिने त्यानं क्लास ऑनलाइन केला, घाटघरातून. इथे थोडं थांबायला हवं. जुन्नर तालुका हा कानाचा तिखट तालुका आहे. आर्वीला १९७१ मध्ये उपग्रहांशी बोलणारं देशातलं पहिलं व्यापारी भूकेंद्र उभं राहिलं. खोडदला जीएमआरटी ही महादुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनची कुजबुज तिला ऐकू येते. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला जुन्नरातल्या सख्ख्या भावाचा फोन लागत नाही. मग पुतण्या लॅपटॉप घेऊन घाटाच्या कड्याशी जायचा, कारण तिथे खालच्या कोकणातल्या टॉवरची रेंज वर चढते. जुलैचा महिना. डोक्यावर इरलं, इरल्याच्या आत लॅपटॉप, कानात 'कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन'. इरल्यानं वरचा पाऊस अडतो, त्याबद्दल वादच नाही. पण नाणेघाटात पावसाळ्यात तो रीलवाला उलटा धबधबा असतो. दरीतून असा वारा उठतो की पडणारं पाणी पुन्हा वर येतं. जगात लॅपटॉपवर पाणी वरून सांडतं, इथे ते खालून येतं, आणि या प्रकाराला वॉरंटी कार्डात कलम नाही. कीबोर्डाची दोन अक्षरं गेली. पोरानं उरलेल्या अक्षरांवर कोर्स संपवला. ती दोन लागली की दुसरीकडून उचलून चिकटवायचा. तसंही सगळे उचलून चिकटवतातच, असं सरांनी त्याला धीर देताना सांगितलं.

मुलाखतीत त्याला विचारलं, "जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या प्रोजेक्टवर काहीच काम दिसत नाही. गॅप का?"

"भात होतं," तो म्हणाला.

समोरच्याला ते कुठल्या तरी कंपनीचं नाव वाटलं. त्यानं लिहून घेतलं.

शेवटी टेस्टिंगमध्ये लागला. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकायच्या आणि ज्याच्या त्याला कळवायच्या. ही नोकरी म्हणजे नेमकं काय, ते त्यानं घरी समजावून सांगितलं तेव्हा आबांच्या मंडळी, ज्यांना गाव आजी म्हणतं, भाकरी थापायच्या थांबल्या. "याचा पगार देत्यात?" त्यांनी विचारलं. मग आबांकडे बघून म्हणाल्या, "म्हंजी मी चाळीस वर्सं फुकाटच केलं की."

मधल्या काळात कोड यंत्रच लिहू लागलं आणि शिकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. क्लासच्या पाटीवर रातोरात 'विथ एआय' चढलं आणि फी वीस हजारांनी वाढली. रांजणाबद्दल जे सांगितलं ते पुन्हा सांगत नाही.

आमच्या भाच्याची तोवर चार वर्षं भरली होती. मान आखडली, रात्री अमेरिकेशी कॉल, आणि एक दिवस त्यानं घरी ते दुसरं वाक्य टाकलं : "आयटीमध्ये आता काही राहिलं नाही." आजोबांनी या वेळी काही विचारलं नाही. लोखंडाचं उत्तरही अजून मिळालं नव्हतं. भाच्याला आता घाटघरात चार गुंठे घ्यायचे होते, इंद्रायणी लावायचा होता आणि होमस्टे काढायचा होता. तो एकटा नव्हता. त्याच्या ग्रुपमधल्या अकरा जणांपैकी नऊ जणांना तेच करायचं होतं. उरलेल्या दोघांना बेकरी. तेव्हा मला तो घाट खऱ्या अर्थानं कळला. पुतण्या खाली उतरत होता, भाचा वर चढत होता. वाहतूक दुतर्फा आहे, आणि उलट्या बाजूलाही माणसं बसलेली असतात : सेंद्रिय शेतीची दोन दिवसांची शिबिरं, कृषी-पर्यटनाचे वेबिनार, 'डोंगराच्या कुशीत' प्लॉट विकणारे एजंट.

पण इथे भाच्याची गाठ कायद्याशी पडली. कुठल्याही शाखेचा माणूस सहा महिन्यांत डेव्हलपर होऊ शकतो, शेतकरी होऊ शकत नाही. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर माणूस आधी शेतकरी असावा लागतो, नाही तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सात-बारा. सात-बारा जमिनीचा असतो. जमीन घेण्यासाठी शेतकरी असावं लागतं. भाच्यानं हे तीनदा ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मामा, हे तर रिकर्शन आहे! आणि याला थांबायची अटच घातलेली नाही!" तलाठ्याला हे कौतुक समजलं नाही. शिवाय घाटघर हे आदिवासी गाव, महादेव कोळ्यांचं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकारी आणि वर सरकारची मंजुरी, असं महसूल संहितेचं ३६-अ कलम सांगतं. आणि ते आहे म्हणूनच आबांच्या खाचरावर अजून कुणाचं 'रिव्हरव्ह्यू' उभं राहिलेलं नाही. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो जरासा गप्प झाला. मग म्हणाला, "नुसतं लावून तरी बघता येईल का?"

पूर्वी असं उलट जाणाऱ्यांना वेगळी धमक लागायची. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधकाचं पद सोडून पाबळच्या कोरड्या माळावर गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम काढला. वेल्डिंग, बांधकाम, कुक्कुटपालन, शेती असं सगळं एकाच वर्षात हातानं करत शिकायचं, असा तो अभ्यासक्रम; घाटघरचा माणूस वर्षभर जे करतो त्याला त्यांनी वेळापत्रक दिलं म्हणा ना. आमच्या भाच्याला एवढी सवड नव्हती. त्याच्याकडे एक रविवार होता आणि सोमवारी सकाळी स्टँड-अप मीटिंग होती.

आबांनी माणशी बाराशे रुपये सांगितले, जेवण धरून. रविवारी अकरा जण खाचरात उतरले. गुडघाभर चिखल. आजींनी रोपांची मूठ डाव्या हातात कशी धरायची, अंगठा आणि दोन बोटांनी तीन-चार काड्या सोडवून चिखलात कशा टोचायच्या ते दाखवलं. मागे मागे सरकत जायचं, म्हणजे लावलेलं पायाखाली येत नाही. भाच्यानं विचारलं, "दोन रोपांत अंतर किती ठेवायचं?"

"ईतभर."

"कुणाची वीत?"

आजींनी त्याच्याकडे बघितलं. पंचावन्न पावसाळ्यांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "ज्याचा हात चिखलात हाय त्याची," त्या म्हणाल्या. दहाव्या मिनिटाला एक जण कंबर धरून बांधावर बसला. एकीला खेकडा दिसला, त्याचे फोटो झाले, मग खेकड्याबरोबरचे झाले. ओळी अशा आल्या की विमानातून पाहिलं असतं तर शिलालेख वाटला असता. दुपारी मंडळी जेवायला गेल्यावर आजी आणि शेजारच्या दोन बायका मुकाट्यानं खाचरात उतरल्या आणि पहिल्यापासून सगळं उपटून पुन्हा लावू लागल्या. "कोड रिव्ह्यू," पुतण्या माझ्या कानात म्हणाला. तो शनिवार-रविवारला घरी आला होता.

आबा हिशेबाला बसले होते. गावात आवणी सावडीवर होते, आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. कुणी आलंच नाही तर रोजानं माणसं लावायची, म्हणजे खिशातून पैसे जायचे. आज माणसं आली आणि पैसेही देऊन गेली, हे त्यांच्या वहीत कुठल्या रकान्यात घालावं ते त्यांना कळेना. त्यात नवीन भानगड.

"पावणं, ही पोरं सर्टिफिकेट मागत्यात," ते मला म्हणाले. "कंपनीत दाखवायचं म्हणत्यात. काय लिवायचं आसतं त्याच्याव?"

पुतण्यानं लॅपटॉप उघडला. दोन अक्षरांविनाच त्यानं दहा मिनिटांत झकास नमुना केला. वर जीवधनचं चित्र, मधे नाव, खाली 'भातलावणीचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल', आणि सहीच्या जागी आबांचा अंगठा नको म्हणून त्यांची खरी सही, जी ते टपाल खात्याच्या पासबुकावर करतात. आबांनी चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं. बाहेर अंगणात मंडळी पाय धूत होती आणि पुढच्या महिन्यात बेणणीचीही बॅच काढा म्हणून गलका करत होती.

"बेस झालंय," आबा पुतण्याला म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "फकस्त ते तुमच्याकडं लिवत्यात तसलं जॉब गॅरंटी लिवू नगंस. ही खरंच येऊन बसतील."